क्रिमिनल जस्टिसची डिग्री, चाळीस लाखांचं कर्ज आणि मामाचा प्लॉट

ज्यांना ऐकायचंय त्यांनी वरचं बटण दाबा, ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीयेत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे खाली सगळं लिहून ठेवलंय. बोललो तसंच लिहिलंय, फक्त माझे "म्हणजे, म्हणजे" थोडे कमी केलेत.

आज कोड नाही, मुलाखतीची तयारी नाही, एआय तर अजिबात नाही. आज हिशेब आहे, आणि तो माझ्या घरातला आहे. मामेबहिणीला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "नाव घेऊ नकोस, बाकी बोल."

झालं असं की गेल्या महिन्यात कराडला मामाकडे गेलो होतो. जेवणं झाली, मामी सुपारी कातरत बसली आणि मामानं टीव्हीखालच्या कपाटातून एक चकचकीत ब्रोशर काढलं. अमेरिकेतलं एक विद्यापीठ, कोर्स मास्टर्स इन क्रिमिनल जस्टिस, दोन वर्षांचा. मुखपृष्ठावर निळ्या-लाल दिव्यांची पोलिसांची गाडी आणि तिच्यासमोर हाताची घडी घालून हसणारी मुलगी. पुण्यातल्या एका कन्सल्टंटनं फी, राहणं, खाणं, विमा, तिकीट सगळं धरून चाळीस लाखांचा आकडा दिला होता. मामा झेडपीच्या शाळेत शिक्षक, निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. गावाबाहेर एक प्लॉट आहे, तो तारण ठेवायचा असं जवळजवळ ठरलं होतं.

मामा म्हणाला, "तू अमेरिकेच्या क्लायंटचं काम करतोस, तुला तिकडचं कळतं. बघून सांग एकदा."

आता अमेरिकेच्या क्लायंटचं काम करणं म्हणजे रात्री साडेनऊला कॉलवर बसून "यू आर ऑन म्यूट" म्हणणं. त्यातून तिकडच्या पोलीस खात्याचं ज्ञान मिळत नाही. पण मामासमोर हे बोलता येत नाही, म्हणून ब्रोशर घेऊन पुण्याला आलो.

आधी बहिणीबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की क्राइम सिरीज बघून पोरीच्या डोक्यात खूळ शिरलंय. सिरीज ती बघतेच, पण गोष्ट तेवढीच नाही. तिचं मानसशास्त्रात बीए चालू आहे, शेवटचं वर्ष. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती काही दिवस कोर्टात जाऊन बसली होती. बेड्या घातलेली पोरं तारखेला आणतात, दोन मिनिटांत पुढची तारीख पडते, ती परत जातात, आणि आपल्या केसमध्ये काय चाललंय हे त्या पोराला माहीतच नसतं. हे बघून ती हलली होती. "दादा, मला ही सिस्टीम शिकायचीय," असं म्हणाली. आपण इंजिनियरिंगला का गेलो याचं इतकं सरळ उत्तर माझ्याकडे आजही नाही.

तर हिशेब. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची कॉलेज स्कोअरकार्ड नावाची एक वेबसाइट आहे. ओबामांच्या काळात, २०१३ साली सुरू झाली. कुठलंही कॉलेज टाका, विषय निवडा. त्या कॉलेजातून तो विषय घेऊन बाहेर पडलेली मुलं साधारण किती कमावतात आणि डोक्यावर किती कर्ज घेऊन बाहेर पडतात, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात. कमाईचा आकडा सरकारच्या कराच्या नोंदींवरून काढतात, मुलांना फोन करून विचारत नाहीत. म्हणजे "आमच्याकडे सर्वोच्च पॅकेज अमुक" ही भानगड तिथं नाही. डेटा डाउनलोड करता येतो, एपीआयसुद्धा आहे. एका शनिवारी मी बसलो, पायथॉन उघडलं, फक्त क्रिमिनल जस्टिसच्या ओळी गाळून घेतल्या.

पहिली गोष्ट अशी दिसली की एकच विषय, एकच डिग्री, आणि कर्जाचा आकडा कॉलेजप्रमाणे कुठल्या कुठे जातो. कमाई तेवढी हलत नाही. कारण सोपं आहे. पोलीस खातं पगार देताना तू कुठून शिकलास हे बघून पगारश्रेणी बदलत नाही. आमच्या धंद्यात कॉलेजच्या नावावर पहिला पगार दुप्पट होऊ शकतो, तिथं शिपाई तो शिपाई. म्हणजे या विषयात महाग कॉलेज घेतलं तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला जागाच नाही.

आणि दुसरी गोष्ट मला दोन तासांनी लक्षात आली. दोन तास मी आलेख काढत बसलो होतो, रंगसुद्धा छान निवडले होते. मग डॉक्युमेंटेशन वाचलं. (आधी वाचायचं असतं, माहितीय.) हा कमाईचा डेटा फक्त अशा विद्यार्थ्यांचा आहे ज्यांनी अमेरिकी सरकारची शैक्षणिक मदत किंवा कर्ज घेतलंय. परदेशी विद्यार्थ्याला ती मदत मिळत नाही. म्हणजे माझी बहीण त्या अख्ख्या फाइलमध्ये कुठेच नाही. कन्सल्टंट जो सरासरी पगार दाखवत होता, तो तिचा नव्हताच.

हा धागा हातात धरून ठेवा, परत येतो. आधी या डिग्रीची जन्मकथा, कारण तिथं मजा आहे.

साठच्या दशकात अमेरिकेत गुन्हेगारी आणि दंगली वाढल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आयोग नेमला. त्यानं १९६७ साली अहवाल दिला आणि म्हटलं की पोलीस शिकलेले हवेत, पुढेमागे सगळ्यांकडे पदवी असावी. १९६८ मध्ये कायदा झाला आणि त्यातून पोलिसांना आणि पोलिसात जाऊ इच्छिणाऱ्यांना शिकायला सरकारी पैसे मिळू लागले. कर्ज मिळायचं, पण शिकून खात्यात नोकरी केली की दर वर्षाला पाव कर्ज माफ. चार वर्षं नोकरी, कर्ज शून्य. हे कळल्यावर कॉलेजांनी धडाधड क्रिमिनल जस्टिसचे विभाग उघडले. पुढे ती योजना संपली, विभाग राहिले, फी वाढत गेली. पोलिसांनी शिकावं ही अपेक्षा राहिली आणि खर्च मात्र मुलांच्या अंगावर आला.

आणि बहुतेक खात्यांनी पदवी सक्तीची केलीच नाही. आजही अमेरिकेत पोलीस व्हायला कुठे बारावी चालते, कुठे थोडंफार कॉलेज लागतं. न्यूयॉर्कचं पोलीस खातं बरीच वर्षं कॉलेजची ६० क्रेडिट्स मागायचं, म्हणजे साधारण दोन वर्षांचं शिक्षण. माणसं मिळेनात म्हणून २०२५ मध्ये ती अट २४ क्रेडिट्सवर आणली. एफबीआयचा स्पेशल एजंट व्हायला पदवी लागते, पण विषय कुठलाही चालतो. अकाउंट्सवाला चालतो, माझ्यासारखा कॉम्प्युटरवाला चालतो. प्रोबेशन ऑफिसरला, म्हणजे शिक्षा झालेल्या पण तुरुंगाबाहेर असलेल्या लोकांवर देखरेख ठेवणाऱ्याला, साधारणपणे पदवी लागते. म्हणजे ब्रोशरवर जी गाडी छापलीय, त्या गाडीत बसायला ब्रोशरमधली डिग्री लागत नाही.

आता वेस्टवूड कॉलेजची गोष्ट. अमेरिकेत हे प्रकरण बरंच गाजलं. नफ्यासाठी चालणारं कॉलेज, शिकागोच्या आसपास त्याचे कॅम्पस होते. तिथल्या क्रिमिनल जस्टिस पदवीचा खर्च सत्तर हजार डॉलरच्या घरात. शेजारच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची याच विषयाची डिग्री याच्या छोट्याशा हिश्श्यात होत होती. पण कम्युनिटी कॉलेज फोनवर फोन करत नाही ना. असो.

मुलं पोलीस व्हायचं म्हणून भरती झाली. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी पोरं यात बरीच असतात, हे वेगळं सांगायला नको. शिकली, आणि मग कळलं की इलिनॉय राज्याचे पोलीस आणि शिकागो शहराचे पोलीस या कॉलेजची डिग्री धरतच नाहीत. का? तर मान्यतेचा घोळ. अमेरिकेत कॉलेजला दोन तऱ्हेच्या संस्था मान्यता देत आल्यात, "प्रादेशिक" आणि "राष्ट्रीय". आपल्या कानाला राष्ट्रीय म्हणजे मोठं वाटतं. तिथं बरोब्बर उलटं, वजन प्रादेशिकला. वेस्टवूडकडे राष्ट्रीय मान्यता होती, खात्यांना प्रादेशिक हवी होती. त्यामुळे क्रेडिट्स दुसऱ्या चांगल्या कॉलेजात नेणंही अवघड. म्हणजे सत्तर हजार डॉलर भरून पोरगा पुन्हा जिथल्या तिथं.

जानेवारी २०१२ मध्ये इलिनॉयच्या अॅटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी कॉलेजवर खटला भरला. २०१५ मध्ये तडजोड झाली. राज्यातल्या क्रिमिनल जस्टिसच्या विद्यार्थ्यांची दीड कोटी डॉलरची खासगी कर्जं माफ करायचं कॉलेजनं कबूल केलं. २०१६ मध्ये कॉलेज बंद पडलं. आणि सरकारी कर्जं? ती माफ झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. वेस्टवूडच्या सगळ्या शाखांची, सगळ्या विषयांची मिळून ७९ हजार विद्यार्थ्यांची दीड अब्ज डॉलरची कर्जं केंद्रानं रद्द केली. खटल्यापासून मोजलं तरी दहा वर्षं. विशीतला पोरगा तिशीत गेला. आणि अमेरिकेत शैक्षणिक कर्ज असं आहे की दिवाळखोरी जाहीर केली तरी ते सहजासहजी सुटत नाही. क्रेडिट कार्डाचं सुटतं, हे नाही.

आता आकडे घेऊ. अमेरिकेच्या कामगार खात्याचे २०२३ चे मध्यम पगार, म्हणजे निम्मे लोक त्याच्या वर, निम्मे खाली. पोलीस आणि डिटेक्टिव्ह साधारण ७५ हजार डॉलर वर्षाला. प्रोबेशन ऑफिसर ६२ हजारांच्या आसपास. तुरुंगातले रक्षक ५३ हजार. सिक्युरिटी गार्ड ३७ हजार. यात वीस वर्षं काढलेले लोकही आहेत, त्यामुळे नवख्याचा पगार यापेक्षा कमीच धरा. आणि ही डिग्री घेऊन पोलिसात न गेलेली मुलं जातात कुठे, तर बऱ्याचदा शेवटच्या दोन ओळींत, जिथं डिग्री लागतच नाही.

अमेरिकी सरकारनं करिअर कोर्सेससाठी एक कसोटी ठरवली होती, ती मला आवडली. कर्जाचा वर्षाचा हप्ता वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त नको. (नियमाला आणखी एक पोटनियम होता, तो सोडून देऊ.) ७० हजार डॉलर कर्ज, ७ टक्के व्याज, १० वर्षं धरली तर वर्षाला सुमारे ९,७५० डॉलर हप्ता बसतो. सिक्युरिटी गार्डच्या पगाराच्या २६ टक्के. तुरुंगरक्षकाच्या १८ टक्के. पोलीस झाला तरी १३ टक्के. तिन्ही नापास.

आता दुसरं टोक. न्यूयॉर्कमध्ये जॉन जे कॉलेज आहे, शहराच्या सरकारी विद्यापीठाचं, १९६४ साली पोलिसांसाठीच सुरू झालेलं. तिथं राज्यातल्या रहिवाशाला फी वर्षाला ६,९३० डॉलर. चार वर्षांचे जेमतेम २८ हजार, आणि घरी राहून शिकलं, थोडी मदत मिळाली तर कर्ज आणखी कमी. २५ हजारांचं कर्ज ६ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर वर्षाला सुमारे ३,३०० डॉलर. पोलिसाच्या पगाराच्या साडेचार टक्क्यांहून कमी. तुरुंगरक्षकालाही झेपतं. विषय तोच.

आणि तिथल्या नागरिकाला आणखी एक सोय आहे. सरकारी किंवा सेवाभावी नोकरी करत १२० हप्ते भरले, म्हणजे दहा वर्षं, की उरलेलं केंद्राचं कर्ज माफ. २००७ ची योजना. सुरुवातीला भयंकर राबवली, पहिल्या वर्षी आलेले ९९ टक्के अर्ज फेटाळले होते. पुढे सुधारली. पोलीस, प्रोबेशन, तुरुंग, ही सगळी सरकारी कामं, म्हणजे या डिग्रीवाल्यांसाठी जणू बेतलेलीच. पण खासगी कर्जाला ती लागू नाही. म्हणून मी असं अजिबात म्हणत नाही की ही डिग्री वाईट. न्यू जर्सीत वाढलेली एखादी मराठी मुलगी सरकारी कॉलेजात शिकून प्रोबेशन ऑफिसर होणार असेल तर बिनधास्त जावं तिनं.

माझी बहीण न्यू जर्सीची नाही, कराडची आहे.

आता मघाचा धागा. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीसाठी यातली किती दारं उघडी आहेत, हे मी एकेक करून बघितलं. एफबीआय आणि केंद्राच्या बहुतेक नोकऱ्या फक्त नागरिकांना. पोलीस बहुतेक ठिकाणी नागरिक, काही राज्यांत ग्रीन कार्डवाले. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयनं अलीकडे कायदा बदलून नागरिकत्वाची अट काढली, तेव्हा मला वाटलं चला, एक फट सापडली. पण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, बंदी आहे. बंदुकीशिवाय अमेरिकन पोलीस? मग ती फटही बुजली.

पुढचं. शिक्षण संपल्यावर परदेशी विद्यार्थ्याला साधारण एक वर्ष काम करायची परवानगी मिळते. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात, कारण आमचा विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत आहे. तुमचे सीएसवाले मित्र तिकडे जाऊन कर्ज फेडतात ते या तीन वर्षांच्या जिवावर. साधं क्रिमिनल जस्टिस त्या यादीत नाही. फॉरेन्सिक सायन्स आहे, सायबर फॉरेन्सिक्स आहे, हे नाही. एक वर्ष संपलं की एच-१बीची लॉटरी, आणि लॉटरी लागली तरी नोकरी अशी हवी की जिला त्या विषयाची पदवी लागतेच. वर काय म्हटलं आठवा, या क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्यांना ती लागतच नाही.

हे सगळं त्या ब्रोशरमध्ये कुठेही खोटं लिहिलेलं नव्हतं. नुसतं लिहिलेलंच नव्हतं.

मग मी मामाच्या प्लॉटचा हिशेब केला. पहिल्या वर्षी २० लाख उचलले, दुसऱ्या वर्षी २० लाख. व्याज ११ टक्के धरलं. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतंय. तीन वर्षांनी मुद्दल आणि साधं व्याज मिळून ५१ लाख. दहा वर्षांचा हप्ता महिन्याला ७० हजारांच्या थोडा वर. अमेरिकेत धडाची नोकरी मिळाली तर हे आठ-साडेआठशे डॉलर, जड पण जमण्यासारखं. पण हमी एका वर्षाचीच, तीही नोकरी मिळाली तर. परत आली तर? इथं पीएसआय व्हायला एमपीएससी द्यावी लागते, तिला कुठलीही पदवी चालते, म्हणजे तिचं बीए पुरतं. आणि पीएसआयचं मूळ वेतन सुरू होतं ३८,६०० पासून. भत्ते धरले तरी ७० हजारांचा हप्ता त्यातून निघणार नाही. प्लॉट जाणार, आणि मामाच्या निवृत्तीचे पैसेही त्यामागोमाग.

मी शीट बनवली आणि तिला व्हॉट्सअॅपवर पाठवली. दोन निळ्या टिका. दिवसभर उत्तर नाही. रात्री फोन.

"दादा, तू तुझ्या बीटेकचा असा हिशेब केला होतास?"

लागलं जरा. कारण केला नव्हता. माझं कॉलेज, हायवेला लागून, माळावर बांधलेलं, गेटवर मोठा बोर्ड "१०० टक्के प्लेसमेंट". आत गेल्यावर कळलं की शंभर टक्के म्हणजे "पात्र" विद्यार्थ्यांच्या शंभर टक्के, आणि पात्र कोण हे कॉलेज ठरवणार. सहा लाखांचं कर्ज, पहिली नोकरी साडेतीन लाखांच्या पॅकेजची, हातात चोवीस हजार, त्यातले दहा हजार हप्ता. त्या दोन वर्षांत मी पुण्यात मेसच्या डब्याशिवाय काही खाल्लेलं आठवत नाही. कंपनी बदलली, पगार वाढला, कर्ज फिटलं. पण हे माझ्या हुशारीनं नाही झालं. मी चुकलेलो असताना बाजार मला सांभाळून घेत होता. आयटीत तेव्हा दोन वर्षांनी उडी मारली की पगार वाढायचा. तिच्या क्षेत्रात अशी उडी नाही. हे मी तिला तसंच सांगितलं.

मग तिचा दुसरा प्रश्न. "सगळं पैशातच मोजायचं का?"

यावर मी बराच वेळ गप्प होतो. मला वाटतं नाही मोजायचं. पण पैसे तिचे नाहीत आणि कर्ज तिच्या एकटीचं नाही. आणि खरं सांगू का, मला जास्त खटकलं ते वेगळंच. तिला ज्या पोरांनी हलवलं, ती पोरं कराडच्या कोर्टात होती. अमेरिकेतला अभ्यासक्रम अमेरिकेची कोर्टं, तिथले कायदे, तिथले तुरुंग शिकवणार. चाळीस लाख देऊन ती भलत्याच सिस्टीमची तज्ज्ञ होणार.

मी विचारलं, "त्या पोरांना वकील का नसतो, हे तुला शोधायचंय ना? मग ते इथं कुठं शिकवतात ते बघूया का आधी?" बघितलं. मुंबईत टिस आहे, तिथं क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसवर काम चालतं आणि कैद्यांसोबत काम करणारा 'प्रयास' हा त्यांचाच प्रकल्प १९९० पासून चालू आहे. बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे, त्यासाठी राज्याची सीईटी. फॉरेन्सिककडे वळायचं तर गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ, त्याचा गोव्यातही कॅम्पस आहे. तिचं मानसशास्त्र तिकडे कामाला येऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत, त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं असं आहे. राज्यांना त्यासाठी काही वर्षांची मुदत दिलीय, पण माणसं लागणार हे उघड आहे. यातलं काहीही सहज मिळत नाही. प्रवेश परीक्षा आहेत, जागा थोड्या आहेत, आणि या क्षेत्रात सुरुवातीचे पगार इथंही कमीच आहेत. फक्त न जमल्यास प्लॉट जात नाही.

आणि एक गोष्ट तिनंच शोधली, मला माहीतही नव्हती. कायदेशीर मदतीसाठी तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथं पॅरालीगल व्हॉलंटियर घेतात. वकील असायची गरज नाही. प्रशिक्षण देतात, कामाच्या दिवसाचं थोडं मानधन मिळतं. तुरुंगातल्या, कोर्टातल्या माणसाला मोफत वकील मिळवून द्यायचा अर्ज कसा करायचा, हे सांगणारं माणूस म्हणजे हे. तिनं त्याची चौकशी सुरू केलीय.

पण अमेरिका तिनं सोडलीय असं समजू नका. हट्टी आहे, मामावर गेलीय. तिनं त्या विद्यापीठालाच मेल केला, माझ्याकडून फक्त इंग्रजी तपासून घेतलं. तीन प्रश्न. गेल्या तीन वर्षांत या कोर्समधले किती परदेशी विद्यार्थी पास झाले? त्यातल्या किती जणांना याच क्षेत्रात नोकरी मिळाली, आणि कुठल्या पदावर? एक वर्षाची परवानगी संपल्यावर त्यातले किती जण तिथं कामावर राहिले? तुमच्यापैकी कोणी कुठल्याही देशात, कुठल्याही विषयाला कर्ज काढून जात असेल तर हे तीन प्रश्न जसेच्या तसे उचला, विषयाचं नाव बदला आणि पाठवा. कन्सल्टंटला नाही, थेट विभागाला.

चार दिवसांनी उत्तर आलं. "तुमच्या उत्साहाबद्दल धन्यवाद", आणि खाली पीडीएफ. उघडली तर तेच ब्रोशर. तीच गाडी, तीच हसणारी मुलगी.

मामीनं ते बघितलं आणि म्हणाली, "गाडी तरी कुणाची आहे विचार."

बहिणीनं तोच मेल परत पाठवलाय, या वेळी विभागप्रमुखांना सीसी करून. मामानं बँकेतून आणलेला फॉर्म अजून कोराच टीव्हीखाली पडलाय. उत्तर आलं तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो. हप्त्याची शीट खाली जोडलीय, पिवळ्या खान्यांत तुमचे आकडे टाका, बाकी ती आपोआप काढते. सूत्रात चूक सापडली तर कळवा, मागच्या वेळी एकानं सापडवली होती. चला, भेटू.